पाहू कोण होता?

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी दुपारी आई गॅलरीत हरभरे सोलत बसली होती. उज्जैनच्या माधव नगरातला आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली कोचिंग क्लासची मुलं स्कूटर लावतात आणि समोरच्या कचोरीच्या गाडीवरची कढई सकाळपासून तापत असते. आईने पुढ्यात वर्तमानपत्र पसरलं होतं आणि फोन कठड्याला टेकवून उभा केला होता. हरभऱ्याच्या आंबेने, त्या आंबट ओलाव्याने, बोटं चिकट झाली होती, म्हणून ती करंगळीने स्क्रीन वर सरकवत होती. दाणा भांड्यात, टरफल कागदावर, मग करंगळी. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही तिच्या हाताला लय होती.

मी आतल्या खोलीत पेपर तपासत होते. मी इथल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते.

"मृणाल, ऐकतेस न?"

"हं."

"तेवीस मार्चचं पक्कं झालं. शंभर-सव्वाशे जण येताहेत म्हणे. देवास, शाजापूर, रतलाम. सगळे पन्नाशीला टेकलेले. बुढ्ढी पोरं!" ती हसली. "विचारताहेत, मौसीचा परिचय कोण करून देणार. मी अजून काही लिहिलं नाही. तुला विचारल्याशिवाय कशी लिहू? तू चलशील?"

"पाहू," मी म्हणाले.

चार दाणे भांड्यात पडले.

"दोनच लाइना बोलायच्या. कोण आहे, काय आहे, बस. चलशील?"

"पाहू, आई."

"पाहू म्हणजे नाहीच की. तुझ्या संख्याशास्त्रात पाहूचे किती टक्के धरतात गं?"

"उगीच चेष्टा करू नकोस."

गॅलरीतला आवाज थांबला. मलाही शब्द तोंडातून निघाल्यावर कळलं की कुठला शब्द निघाला. आमच्या घरात पस्तीस-चाळीस वर्षं तो कुणी वापरत नसे. मग आई हसली, अगदी मनापासून, आणि म्हणाली, "बघ, तुझ्याही तोंडी तोच." भांडं उचलून स्वयंपाकघरात जाताना ती माझ्या दारात थांबली. तिसऱ्यांदा विचारलं, "चलशील?" मी लाल पेन खाली न ठेवता तिसऱ्यांदा तेच उत्तर दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दूध आणायला खाली गेली आणि परत येताना पहिल्या मजल्याच्या पायरीवर बसली. शेजारच्या मीनाताईंना वाटलं, दम खातेय. दुधाची पिशवी तिने मांडीवर दोन्ही हातांनी सरळ धरलेली होती. एक थेंब सांडला नव्हता.

*

आता त्या शब्दाबद्दल सांगायला हवं.

माझी आई, विनोदिनी पोतनीस, उज्जैनच्या एका सरकारी कन्याशाळेत विज्ञान शिकवायची. पंच्याऐंशी साली शिक्षकांच्या एका शिबिरात तिला कुणीतरी हेरलं आणि शाळकरी मुलांसाठीच्या टीव्ही कार्यक्रमात बसवलं. कार्यक्रमाचं नाव 'पूछो खिड़की'. सेट म्हणजे एक लाकडी खिडकी, तिच्यामागे आई. खालून एक बाहुला डोकं वर काढायचा, मक्याच्या कणसासारखे केस असलेला भुट्टूराम. तो प्रश्न विचारायचा: पाणी उकळल्यावर कुठे जातं? चंद्र आपल्यामागे का येतो? आई उत्तर द्यायची. तिला मुलं खिड़की वाली मौसी म्हणत. महिन्यातून दोनदा ती रेकॉर्डिंगसाठी बसने भोपाळला जायची आणि रात्रीच्या गाडीने परत यायची. चार वर्षं हे चाललं.

आईचं हिंदी मराठी माणसाचं होतं. आम्ही शिंद्यांच्या दफ्तरात काम केलेल्या घराण्यातले. आमच्या सात पिढ्या माळव्यात गेल्या, पण घरात मराठी, आणि मराठीत अर्धं हिंदी. तिच्या हिंदीत मात्र नेमकं नको तिथे मराठी यायचं. एका भागात भुट्टूराम तिची नक्कल करत होता. ती कॅमेऱ्यासमोर लटक्या रागाने म्हणाली, "भुट्टूराम, मेरी चेष्टा मत करो!"

हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. तो भाग तसाच प्रसारित झाला. शिकवायला बसलेली बाई सगळ्या राज्याच्या मुलांना सांगत होती, प्रयत्न करू नका.

दुसऱ्या दिवसापासून ते वाक्य गल्लीगल्लीत झालं. उंच उडीला कुणी धावत आलं की बाजूची मुलं ओरडत, "चेष्टा मत करो!" फळ्यावर गणित अडलं की वर्ग ओरडे. मी सहावीत होते. मी कुठेही काहीही करायला उठले की मागून कुणीतरी बारीक आवाजात, आईचा सूर काढून, तेच म्हणे. आईला त्याचं फारसं वाटलं नाही. "अगं, लक्षात तर राहिली न मौसी," म्हणायची. मला वाटलं. मी कुणालाही सांगायचं नाही ठरवलं की ती माझी कोण लागते. ते ठरवणं पुढे सवय झालं. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये कुणी त्या कार्यक्रमाच्या आठवणी काढल्या की मी म्हणायचे, "हो, पाहिलाय." पोतनीस आडनावावरून कुणी विचारलंच तर म्हणायचे, उज्जैनात पोतनीस खूप आहेत.

शाळेत एकदा मी याहून वाईट केलं होतं. ते पुढे लिहिते.

त्या कार्यक्रमाची एकही फीत आज शिल्लक नाही. तेव्हा फिती महाग असत, जुन्यावर नवं रेकॉर्ड करत. आज जे आहे ते फक्त पाहणाऱ्यांच्या डोक्यात. त्यांनी फेसबुकवर एक ग्रुप केला आहे, 'पूछो खिड़की के बच्चे', तेवीसशे सभासदांचा. भैरवगडचा रुचिर पालीवाल तो चालवतो. जानेवारीत त्याने आईला शोधून काढलं. आई जाण्याआधी अकरा दिवस ग्रुपवर आली होती. तिच्या फोनमध्ये मी नंतर पाहिलं: तिने तिथे एकच संदेश लिहिला होता. जोडलेले हात, आणि 'धन्यवाद, बच्चों.'

*

दहाव्या दिवसानंतर रुचिर भेटायला आला. सकाळचे अकरा वाजले असतील. चव्वेचाळीस-पंचेचाळीसचा, जाडजूड, बोटांच्या नखांत निळा रंग मुरलेला. भैरवगडला त्यांचा कापडावर ठसे छापायचा पिढीजात कारखाना आहे. सोफ्याच्या कडेवर तो गुडघ्यांवर हात ठेवून बसला, शाळेतल्यासारखा. मीनाताईंनी चहा आणून दिला.

"दीदी, कार्यक्रम कैंसल नहीं कर रहे," तो म्हणाला. "अब श्रद्धांजलि का होगा. खिड़की बन गई है. परदा मैं छाप रहा हूँ."

मी मान हलवली. मग तो बोलत राहिला, आणि मी ऐकत राहिले. शोक करणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या आठवणी ऐकाव्याच लागतात. मौसी 'बाष्प' म्हणायची, भाप नाही. मौसी पदर डाव्या खांद्यावर सारखा सरकवायची. मौसीच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग होता, बदामासारखा.

तो डाग शहाण्णव सालचा. कुकरची शिट्टी उडाली होती. कार्यक्रम बंद होऊन तेव्हा सात वर्षं झाली होती.

आठवण कशी बनते हे मला ठाऊक आहे. माणूस नंतर पाहिलेलं आधीच्या चित्रात घालतो. त्याने तिला पुढे कुठेतरी पाहिलं असेल, टॉवर चौकात, एखाद्या लग्नात.

"एक बात पूछनी थी," रुचिर म्हणाला. तो थोडा लाजला. "बरसों से सब पूछते हैं, किसी को नहीं पता. ये पाहू कौन था?"

"कोण?"

"पाहू. वो वाला एपिसोड, जिसमें भुट्टूराम नहीं था. मौसी बाहर बैठकर हरे चने छील रही हैं. अखबार बिछा है. अंदर दो बच्चे हैं, दिखते नहीं. मौसी एक को बुलाती हैं, 'चल, शील!' तो अंदर से दूसरा बोलता है, 'पाहू'. बस इतना ही. हम समझे शील और पाहू, दो नाम हैं." तो हसला. "हम तो खेलते थे, दीदी. एक बोलता 'चल, शील!', दूसरा छिपकर बोलता 'पाहू'. जो पाहू बनता, वो आउट."

माझ्या हातातला कप मी टीपॉयवर ठेवला. चलशील. मराठी न येणाऱ्या मुलाच्या कानाला ते 'चल, शील'च ऐकू येईल.

"मौसी कितनी बार बुलाती थीं?" मी विचारलं.

"तीन बार." त्याने लगेच सांगितलं. "तीसरी बार में बर्तन लेकर उठ जाती थीं."

मीनाताई रिकामी कपबशी उचलायला थांबल्या होत्या. त्या मराठीत मला म्हणाल्या, "काय झालं गं, चेहरा का असा?" मी म्हटलं, काही नाही, झोप झाली नाही.

तो गेल्यावर मी ग्रुप उघडला. संशय एकच होता: त्या शनिवारी आईने कुणाला तरी फोनवर सांगितलं असेल, आणि गोष्ट फिरत फिरत आठवण झाली असेल. शोधाच्या चौकटीत 'पाहू' लिहिलं. एक जुनी पोस्ट आली. देवासच्या ऋचा नावाच्या बाईंनी लिहिलेली. शीर्षक: 'पाहू कौन था?' खाली एकसष्ट उत्तरं.

एकाने लिहिलं होतं, 'मुझे लगता था पाहू बीमार है.' एकीने, 'मुझे पाहू पर बहुत गुस्सा आता था.' रतलामच्या कुणी, 'पाहू कभी बाहर नहीं आया न? मैं हर बार इंतज़ार करती थी.'

पोस्टवर तारीख होती: चौदा जून दोन हजार एकोणीस.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिली. मग कागद घेतला आणि वर्षं लिहून वजाबाकी केली, जणू आकड्यात चूक निघेल. पोस्ट माझ्या शनिवारच्या साडेपाच वर्षं आधीची होती. आणि लिहिणाऱ्या बाईंनी तो भाग पाहिला होता, तेव्हा त्या तिसरीत होत्या.

माणसाला भीती वाटायला हवी होती. मला आधी लाज वाटली. एकसष्ट माणसांनी ते ऐकलं होतं.

*

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ऋचाबाईंचा फोन आला. त्या देवासला एका शाळेच्या मुख्याध्यापिका आहेत आणि कार्यक्रमाचं सूत्रसंचालन त्यांच्याकडे होतं. आवाज खणखणीत, मध्येच मिस्कील.

"दीदी, परिचय आप ही देंगी न? रुचिर डर रहा है पूछने से. मैंने कहा, तू रहने दे, चेष्टा मत कर!" त्या स्वतःच हसल्या आणि लगेच ओशाळल्या. "सॉरी दीदी. आदत है. हमारे यहाँ तो ये प्यार से बोलते हैं. मेरा बेटा बोर्ड की परीक्षा को निकला तो मैंने यही कहा, चेष्टा मत करना. वो समझ गया, टॉप करके आया."

मी म्हटलं, परिचय मी देईन. ते मी कधी ठरवलं मला आठवत नाही.

"आपको तो सब एपिसोड याद होंगे," त्या म्हणाल्या. "मेरा फेवरेट कंपास वाला है. वृत्त बनाना मैंने उसी से सीखा."

"कौन सा कंपास वाला?"

"अरे वही, जिसमें मौसी खिड़की छोड़कर स्कूल आती हैं."

मी तेव्हा स्वयंपाकघरात उभी होते. गॅस बंद केला.

त्या सांगत गेल्या. शाळेचा व्हरांडा आहे. चार-पाच मुली. एक मुलगी पाठमोरी, दोन वेण्या, एका वेणीची रिबन सुटलेली. दुसऱ्या मुली तिला विचारतात, "खिड़की वाली मौसी तेरी मम्मी हैं न?" ती म्हणते, "नहीं तो. वो हमारे ऊपर किराये से रहती हैं."

"और मौसी वहीं पीछे खड़ी हैं," ऋचाबाई म्हणाल्या.

इथे मला ते लिहायला हवं. सत्त्याऐंशीचा ऑगस्ट असावा. मी कंपासपेटी घरी विसरले होते. भूमितीचा तास होता. आई तिच्या शाळेतून सुट्टी काढून ती द्यायला आली होती. मी ते वाक्य म्हणाले तेव्हा ती माझ्यापासून चार हातांवर होती. मुली तिला पाहून गप्प झाल्या, एकमेकींना ढोसू लागल्या. मी जमिनीकडे पाहत राहिले. आई पुढे आली आणि तिच्या त्या हिंदीत म्हणाली,

"लो बेटा, तुम्हारी मम्मी ने भेजा है."

एवढंच. मी पेटी घेतली. ती गेली. संध्याकाळी तिने भरली वांगी केली होती. पुढच्या अडतीस वर्षांत ती या गोष्टीबद्दल एक शब्द बोलली नाही. मीही नाही. त्या मुली विसरल्या असतील. त्यांच्या दृष्टीने घडलं तरी काय होतं? एक भाडेकरू बाई पेटी देऊन गेली. खरं काय ते आम्हा दोघींनाच माहीत होतं, आणि दोघींतली एक आता नव्हती.

"उस लड़की का चेहरा दिखता था?" मी विचारलं.

"नहीं दीदी. बस पीठ."

"और मौसी का?"

"मौसी का तो पूरा दिखता था. हँस रही थीं, जैसे हमेशा. पर वो कंपास बॉक्स हाथ में बज रहा था. टीन का था न. टीवी पर साफ़ आवाज़ आती थी, खड़-खड़, खड़-खड़. मम्मी रसोई से पूछती थीं, टीवी खराब हो गया क्या?"

मी त्या दिवशी वर पाहिलं नव्हतं. तिचा हात थरथरत होता हे मला देवासच्या एका अनोळखी बाईकडून कळलं.

"हैलो? दीदी?"

"हाँ, सुन रही हूँ."

"और आखिरी एपिसोड का तो आप ही बता सकती हैं. किसी ने पूरा नहीं देखा. खिड़की में मौसी नहीं थीं, कोई और थीं. चश्मे वाली. कागज़ से कुछ पढ़ रही थीं. कागज़ खत्म हुआ, उन्होंने ऊपर देखा, बोलने को मुँह खोला, और लाइट चली गई."

"आपके यहाँ?"

"सबके यहाँ. ग्रुप पर पूछ लीजिए. शाजापुर, रतलाम, सब जगह. उसी पल. फिर प्रोग्राम ही बंद हो गया." त्यांचा आवाज खाली आला होता. वर्ग सुटल्यावर एखादी मुलगी बाईंजवळ येऊन विचारते तसा. "उन्होंने क्या कहा था, दीदी? आपकी मम्मी ने कभी बताया?"

*

परिचय मी बावीस तारखेला दुपारी लिहिला. परिचयाला आपल्याकडे एक साचा असतो. महाराष्ट्र समाजाच्या कार्यक्रमांत लहानपणापासून ऐकलेला: जन्म, शिक्षण, नोकरी, कार्य, पुरस्कार, आवड. हिंदीत लिहिला. दोन पानं झाली. वाक्यं नीट होती, सनावळी बरोबर होती. कुणाला दाखवला नाही. कॉम्प्युटरवर टाइप केला नाही, पेनाने लिहिला, आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला.

तेवीसला सकाळी दहाला मी हॉलवर पोचले. माधव नगरातल्याच एका शाळेचा हॉल, पत्र्याच्या छताचा, सहा पंखे. मार्चचं ऊन खिडक्यांतून फरशीवर आलेलं. पुढे स्टेज नव्हतं. भिंतीपासून सोडून ती लाकडी खिडकी उभी केली होती, मागे एक स्टूल. रुचिरने छापलेला परदा चौकटीच्या दोन्ही बाजूंना बांधला होता.

शंभरावर माणसं होती. बँकेतली, दुकानदार, दोन डॉक्टर, एक पोलीस इन्स्पेक्टर घरच्या कपड्यांत. टक्कल, पोट, रंगवलेले केस. आत येताना ती माणसं जोरजोरात बोलत होती. "अरे तू तो बिल्कुल भुट्टूराम लग रहा है!" "और तू? तुझे तो मौसी ने पानी का बाष्प बनाकर फुला दिया!" खुर्च्या मांडलेल्या होत्या. कुणी खुर्चीवर बसलं नाही. न सांगता सगळे खाली सतरंजीवर बसले, मांडी घालून, माना वर करून. गुडघे दुखणारे सुद्धा.

ऋचाबाईंनी चार शब्द बोलून माझं नाव घेतलं. फक्त नाव. "अब परिचय, मृणाल जी देंगी." मी कोण, हे त्या बोलल्या नाहीत. मीच फोनवर त्यांना सांगितलं होतं, माझ्याबद्दल काही नको.

रुचिरने मला खिडकीमागच्या स्टुलाकडे नेलं. मी बसले. चष्मा लावला. कागद उघडला.

"श्रीमती विनोदिनी पोतनीस का जन्म उज्जैन में, उन्नीस सौ सैंतालीस में हुआ."

मी वाचत गेले. पहिलं पान अर्धं झालं तेव्हा मी श्वास घ्यायला वर पाहिलं.

पुढच्या रांगेतल्या इन्स्पेक्टरचे ओठ हलत होते.

मला वाटलं, तो पुटपुटतोय. मी पुढचं वाक्य वाचलं, "विज्ञान उनका विषय था और धैर्य उनकी पद्धति." वाचता वाचता डोळा वर गेला. त्याच्या शेजारची बाईही ओठ हलवत होती. तिच्या मागचे दोघे. रुचिर. आवाज नव्हता. एखादं पाठ झालेलं गाणं लागलं की माणसं जशी सोबत तोंड हलवतात, तशी शंभर माणसं माझं वाक्य माझ्याबरोबर म्हणत होती.

माझ्याबरोबर नाही. माझ्या किंचित आधी.

'पद्धति' हा शब्द मी काल दुपारी खोडून पुन्हा लिहिला होता. आधी 'रीति' लिहिला होता. त्यांच्या ओठांवर 'पद्धति' होता.

मी थांबले नाही. दुसरं पान. नोकरी, बदल्या, निवृत्ती. त्यांचे ओठ एकदाही चुकले नाहीत. आणि त्यांच्याकडे पाहत वाचताना मला माझ्याच मजकुरातलं ते दिसलं. दोन पानांत मी आईला श्रीमती म्हटलं होतं, आदर्श शिक्षिका म्हटलं होतं, विनोदिनी जी म्हटलं होतं. दोन पानांत कुठेही 'मेरी माँ' नव्हतं. साचाच तसा असतो, असं मला म्हणता आलं असतं.

"उनकी स्मृति को सादर नमन."

कागद संपला.

ओठ थांबले. सगळे एकदम.

मी वर पाहिलं. शंभर चेहरे वर उचललेले, तोंडं किंचित उघडी. कुणी टाळी वाजवली नाही. कुणी हललं नाही. इन्स्पेक्टरने डोळे घट्ट मिटून घेतले, जसा फटाका वाजायच्या आधी लहान मुलगा मिटतो.

पंखे फिरत होते.

ते फिरतच राहिले. लाइट गेली नाही.

इन्स्पेक्टरने एक डोळा उघडला, मग दुसरा. पंख्याकडे पाहिलं. मागे कुणीतरी हळूच "अरे" म्हणालं. आता पुढे काय ते त्यांच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

मग मला दिसलं की ते माझ्याकडे पाहत नाहीत.

त्यांची नजर माझ्या डाव्या खांद्याच्या जरा वर होती. बसलेल्या माणसाच्या मागे कुणी उभं असलं तर त्याचा चेहरा जिथे येईल, तिथे. सगळ्यांची तिथेच. ऋचाबाईंच्या चेहऱ्यावर हसू उमटत होतं. असं हसू आपण ओळखीचं माणूस दारात दिसलं की हसतो. रुचिरने दोन्ही हात जोडले. तिसऱ्या रांगेतल्या एका पांढऱ्या केसांच्या माणसाने बोटं हलवून, लाजत, टाटा केला.

माझ्या मानेवर हरभऱ्याच्या आंबेचा वास आला.

मला मागे पाहता आलं असतं. अडतीस वर्षांपूर्वीही पाहता आलं असतं.

माझा हात कधी वर गेला मला कळलं नाही. तो डाव्या खांद्याकडे गेला, आणि उघडा, तसाच राहिला. मी समोरच्या मुलांकडे पाहिलं, कागद बाजूला ठेवला, आणि हिंदी न शोधता म्हणाले,

"ही माझी आई."